व्यवसाय प्रशिक्षण केंद्र सुरू करण्यापूर्वी: नागपूरच्या वस्तीसाठी तयारीची यादी

वस्तीत प्रशिक्षण केंद्र काढायचे ठरले की पहिली चर्चा यंत्रांची होते; ती महिनाभर पुढे ढकलावी. त्या महिन्यात परिसरातली गॅरेज, वायरिंगची दुकाने आणि इतवारी-गांधीबागेत कपडे शिवून देणारे कारागीर यांच्याकडे जाऊन, उद्या हाताखाली माणूस ठेवायचा झाल्यास त्याला नेमके काय यायला हवे, हे विचारावे आणि उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. मुलगी चालेल काय, हेही स्पष्ट विचारावे, कारण त्या उत्तरावर पुढची निम्मी आखणी अवलंबून असते. आमच्या पहिल्या केंद्राला देणगीत मिळालेली लेथ (धातू कातण्याचे यंत्र) सात महिने ताडपत्रीखाली पडून होती. तिला थ्री-फेज वीज लागते आणि आमची जोडणी सिंगल-फेज आहे, हे स्वीकारताना कोणीच पाहिले नव्हते.

जागा पाहताना छताकडे आधी पाहावे. धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांना बहुधा दुपारी एक ते चारच मोकळीक असते, आणि नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. तेव्हा नेमक्या त्या वेळी टिनाच्या छपराखाली कोणी बसणार नाही. स्लॅबची खोली, आत कडी असलेले स्वच्छतागृह आणि लहान मुलांना बसवण्यापुरता कोपरा या तीन गोष्टी नसतील, तर भाडे कितीही कमी असो, ती जागा सोडून द्यावी.

अभ्यासक्रमांत माझा कल कूलर दुरुस्तीकडे आहे. काम वस्तीतच मिळते, हत्यारे थोडी लागतात आणि शिकण्यासारखे पुष्कळ असते. कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या बदलणे कोणालाही जमते. खरे कौशल्य पुढचे आहे. पाण्यात बुडालेल्या पंपाचे इन्सुलेशन खराब झाले आणि अर्थिंग नसले, तर पत्र्याच्या बॉडीत करंट उतरतो व पाणी भरायला अनवाणी आलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही, थ्री-पिन प्लगमधली हिरवी तार स्वतः बॉडीला जोडायची आणि मल्टिमीटरने ती जोडणी तपासूनच कूलर परत द्यायचा, हा क्रम हातात बसेपर्यंत करावा. केंद्राच्या स्वतःच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) असावा आणि ते काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. होळीच्या सुमारास कूलर माळ्यावरून खाली उतरतात. तुकडी त्याआधी, फेब्रुवारीअखेर, तयार झाली पाहिजे. खेड्यातून येणारी मुले कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहतात, तेव्हा प्रवेश त्यानंतरच द्यावेत.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी लवकर सुरू करावे. संस्थेची नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली होते. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीसाठी आयकर सवलतीच्या, 12ए व 80जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्यांबरोबरच सीएसआर-1 हा अर्जही भरावा लागतो. 1 एप्रिल 2021 पासून तो आवश्यक आहे. प्रमाणपत्राला शासनमान्यता हवी असल्यास महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या अटी वाचूनच खोलीचे क्षेत्रफळ आणि यंत्रांची यादी ठरवावी, नंतर नव्हे.

शिक्षक म्हणून पदवीधारकापेक्षा वीस वर्षे हाताने काम केलेला मिस्त्री मला अधिक उपयोगी वाटतो, मात्र त्याच्याजवळ हजेरी आणि नोंदी पाहणारे कोणीतरी हवे. त्याचे मानधन सहा महिन्यांपुरते आधीच बँकेत बाजूला ठेवावे; अनुदानाचा हप्ता लांबला की पहिला मिस्त्रीच सोडून जातो.

हत्यारांसाठी भिंतीवर फळी लावून प्रत्येक पान्याची, पक्कडीची आणि टेस्टरची आकृती तीवर रंगाने काढावी. सायंकाळी कुलूप लावताना रिकामी राहिलेली आकृती लगेच दिसते, आणि कोणाचीही पिशवी तपासण्याची वेळ येत नाही.