पाच शब्द आणि एकच 'कमी करणे'

माझ्या जुन्या वहीत एका पानावर पाच इंग्रजी शब्द एकाखाली एक लिहिलेले आहेत: मिटिगेट, अलिव्हिएट, कर्टेल, डिमिनिश, अबेट. पाचांच्याही समोर अर्थ एकच, 'कमी करणे'. ते पान मला तोंडपाठ होतं. पुढे भाषांतराची कामं घ्यायला लागले तेव्हा एका औषधाच्या माहितीपत्रकात 'हे औषध वेदना कमी करतं' यासाठी मी कर्टेल वापरला. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्या शब्दाभोवती गोल करून पान परत पाठवलं. वहीतला अर्थ बरोबर होता, व्याकरणही बरोबर होतं, तरी वाक्य चुकलं होतं. ते का, हे उमगल्यावर माझी शब्द शिकायची रीतच बदलली.

शब्दाला सोबती असतात. वेदना, दुःख, दारिद्र्य यांच्याशी अलिव्हिएट जातो. धोका किंवा नुकसान यांची झळ सौम्य करायची असेल तर मिटिगेट. खर्च, अधिकार, स्वातंत्र्य, एखादा प्रवास यांना कात्री लावायची असेल तर कर्टेल. म्हणजे त्यात छाटणं आहे, आराम देणं नाही. वादळ, ताप, राग यांचा जोर आपसूक ओसरतो तिथे अबेट. डिमिनिश त्यातल्या त्यात मोकळा, महत्त्व, साठा, प्रभाव कशालाही चालतो. मराठीत आपण हे नकळत पाळतोच. पाऊस ओसरतो, दुखणं उतरतं, खर्च आटोक्यात येतो. 'दुखणं आटोपतं घेतलं' असं कुणी म्हणत नाही.

म्हणून नवा शब्द भेटला की मी त्याचा अर्थ सगळ्यात शेवटी लिहिते. आधी तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसंच्या तसं उतरवते. मग इंग्रजीतच अर्थ देणारा, शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश उघडून त्यातली दोन-तीन उदाहरणं वाचते आणि शब्दाच्या पुढेमागे काय येतं ते टिपते. मराठी अर्थ लिहायचा तर एका शब्दात कोंबत नाही, एक ओळ लिहिते. नोटोरियससमोर 'प्रसिद्ध' लिहिलंत तर एक दिवस तुम्ही एखाद्या भल्या माणसाला त्याच्या वक्तशीरपणासाठी कुख्यात ठरवाल. डिसइंटरेस्टेडसमोर 'रस नसलेला' लिहिणारे पुष्कळ असतात, आणि आजकाल तो तसा वापरलेला दिसतोही. पण जपून लिहिणारे त्याचा अर्थ 'ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही, म्हणून निःपक्ष' असाच धरतात. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, पण खटल्यात त्याला रस नसून कसं चालेल?

शब्द कुठून घ्यायचे? स्वतःच्या वाचनातून. हजार अवघड शब्दांच्या तयार याद्या मी सोडून दिल्या, कारण त्यातला निम्मा भाग वर्षभरात एकदाही समोर येत नाही. एका यादीचा मात्र मला उपयोग झाला. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी 570 शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, निवडली. इन्हेरंट, अँबिग्युअस, इन्फर असे शब्द त्यात आहेत. अभ्यासाची पुस्तकं किंवा शोधनिबंध वाचणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

आता मुळांबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाच्या हातात इथे आयती किल्ली आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, असं भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये मांडलं. इंग्रजीतले भारदस्त शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधूनच आलेले. त्यामुळे इग्निअस म्हणजे अग्निजन्य खडक वाचताना अग्नी आठवतो, पेडेस्ट्रियनमध्ये पद दिसतं, जेनुफ्लेक्ट म्हणजे गुडघा टेकणं यात जानू आहे, सॉम्नोलंट म्हणजे पेंगुळलेला यात स्वप्नाचा भाऊबंद आहे. हे नातं एकदा दिसलं की शब्द परका राहत नाही.

पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. सेंट आणि संत यांचा काडीचाही संबंध नाही; पहिला लॅटिनमधल्या 'पवित्र'वरून आला, दुसरा आपल्या 'सत्'वरून. डिव्हाइनचं देवाशी खरं नातं आहे, थिऑलॉजीचं, म्हणजे ईश्वरशास्त्राचं, नाही. आणि मूळ खरं असलं तरी आजचा अर्थ तोच असेल असंही नाही. मेटिक्युलसच्या मुळाशी लॅटिनमधली भीती आहे, आज मात्र तो बारीकसारीक गोष्टी काटेकोर सांभाळणाऱ्याला लावतात. मूळ लक्षात ठेवायला उपयोगी पडतं. वापरताना भरवसा वाक्यावरच ठेवायचा.

उजळणीचं थोडक्यात सांगते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं, की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं. म्हणून मी नवा शब्द दुसऱ्याच दिवशी पाहते, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. चुकला की पुन्हा पहिल्या दिवसापासून. उजळणीसाठी मी प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी करते, पण तिच्या दर्शनी बाजूला शब्द लिहीत नाही. गाळलेल्या जागेचं वाक्य लिहिते आणि शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं देते. शब्द पाहून अर्थ आठवणं सोपं असतं. लिहिताना गरज उलटी असते, अर्थ डोक्यात असतो आणि शब्द हवा असतो. आठवड्याला सात-आठ चिठ्ठ्या पुरतात. चिठ्ठी करण्याआधी उच्चार ऐकून घ्या, जोर कुठल्या अक्षरावर आहे ते पाहा. चुकीचा उच्चार एकदा बसला की उपटायला फार त्रास होतो.

माझ्याकडे चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे आहेत. वाचताना कळले तरी भागेल असे शब्द एकात, मला स्वतः लिहायचे आहेत ते दुसऱ्यात. दुसऱ्या गठ्ठ्यातला शब्द मी त्याच आठवड्यात एखाद्या खऱ्या पत्रात किंवा टिपणात वापरते. ते जमलं नाही तर चिठ्ठी मुकाट्याने पहिल्या गठ्ठ्यात जाते. अलिव्हिएट, मिटिगेट आणि कर्टेल आज दुसऱ्यात आहेत. अबेट अजून पहिल्यातच आहे.