जुन्या साडीचं पायपुसणं, बोंडांचं तोरण: घरच्या सामानातून सजावट कशी करावी

विदर्भातल्या खेड्यात घर सजवायचं तर ते धूळ आणि ऊन या दोघांना विचारूनच करावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत ग्लू गनने चिकटवलेली फुलं एकेक करून सुटायला लागतात, थर्माकोल पिवळा पडतो, आणि मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा नि तुरीचा भुसा उडून सगळ्यावर थर बसतो तो वेगळाच. म्हणून मोबाइलवर दिसणारी कागदी फुलं नि आइस्क्रीमच्या काड्यांचे बंगले मी कुणाला सुचवत नाही. जे धुता येतं, झटकता येतं किंवा दरवर्षी नवं करता येतं, तेच करावं. आणि ज्याचं सामान आणायला तालुक्याला जावं लागतं, ते करूच नये.

इथे सांगितलेल्या वस्तूंना लागणारं बहुतेक सामान घरात पडूनच असतं: जुन्या साड्या, सुतळी, पऱ्हाटीवरची (म्हणजे कपाशीच्या झाडांवरची) रिकामी बोंडं, पाणी थंड करेनासा झालेला माठ. विकत आणायचं ते दाभण, जाड दोरा, चुना, गेरू आणि फेविकॉलची लहान डबी.

सुरुवात करण्याआधी एक सांगून ठेवते. फवारणीच्या औषधाचे डबे आणि बाटल्या सजावटीला घेऊ नका. रंग छान असतो, झाकण घट्ट बसतं, धुतल्यावर वासही येत नाही, तरी नको. प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं राहतं आणि लहान मूल बाटली तोंडाला लावायला वेळ लावत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी नि शेतमजूर दगावले, हे इकडे कुणी विसरलेलं नाही. असे डबे तीनदा खंगाळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, तळाला भोक पाडून बाद करायचे असतात. कुंडी म्हणून टांगायचे नसतात.

साडीचं पायपुसणं

साडी कोणती घ्यायची हे पायपुसणं कुठे टाकणार त्यावर ठरवा. न्हाणीपुढे टाकायचं असेल तर सुतीच हवी, कारण सिंथेटिक साडी पाणी शोषत नाही, नुसती ओली होऊन पसरते. छपरीत, खाटेजवळ किंवा देवघरापुढे सिंथेटिक चालते. ती लवकर वाळते आणि रंगही टिकतो. फॉल आधी उसवून काढा. काठ जाड असतात, ते वेगळे कापून ठेवा, शेवटी कामाला येतील.

सुती साडीला कडेला तीन-तीन इंचांवर कात्रीने लहान चीर द्या आणि लांबीच्या बाजूने सरळ टराटरा फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, मोजायचं काम पडत नाही. सिंथेटिक मात्र वाकडं जातं, तिला कात्रीच लावावी लागते. एका साडीतून साडेपाच मीटर लांबीच्या चौदा-पंधरा पट्ट्या निघतात. दोन फूट रुंदीचं गोल पायपुसणं करायला साधारण एवढं कापड पुरतं. तीन रंगांची वेणी हवी असेल तर तीन साड्यांमधल्या पाच-पाच पट्ट्या घ्या आणि उरलेलं दुसऱ्या पायपुसण्यासाठी राहू द्या.

पट्ट्या जोडायला शिवण नको. दोन्ही पट्ट्यांच्या टोकापासून बोटभर आत बटनाच्या काजाएवढी चीर द्या. चालू पट्टीचं टोक नव्या पट्टीच्या चिरेतून काढा. मग नव्या पट्टीचं लांबचं टोक चालू पट्टीच्या चिरेतून ओवून पूर्ण ओढून घ्या. लहानशी गाठ बसते, वेणीत ती दिसतही नाही. फक्त तिन्ही पट्ट्यांचे जोड एका जागी येऊ देऊ नका. त्यासाठी सुरुवातीलाच एक पट्टी हातभर नि दुसरी दोन हात तोडून आखूड करा.

तीन पट्ट्यांची टोकं एकत्र शिवून खिडकीच्या गजाला बांधा आणि साधी तिपेडी वेणी घालत जा. लांब पट्ट्या एकमेकींत गुंततात, म्हणून प्रत्येकीचा गुंडा करून रबर लावून ठेवा, लागेल तसा सोडा. वेणी फार आवळू नका. आवळलेली वेणी टणक होते, पायाला टोचते आणि कापडही जास्त खाते.

खरं कौशल्य वेणी शिवण्यात आहे. वेणीचं टोक गुंडाळून मधला गोल करा, दाभणात दोरा ओवा आणि बाहेरची वेणी आतल्या वेणीला कडेने जोडत चला. टाके खालच्या बाजूने घ्या. हे काम मांडीवर करायचं नाही. पाटावर किंवा फरशीवर सपाट ठेवूनच करायचं. मांडीवर ठेवलं की मांडीचा बाक कामात उतरतो. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत वळण लहान असतं, बाहेरच्या वेणीला आतल्यापेक्षा बरीच जास्त लांबी लागते. म्हणून दर टाक्याला बाहेरची वेणी बोटाने थोडी पुढे सरकवून तिला ढील द्यायची. ती ओढून शिवली तर कडा वर उचलतात, आणि शेजारीण येऊन विचारते, “हे पायपुसनं होय का टोपलं वो?” उलट ढील जास्त झाली तर कडेला लाटा येतात. दोन्हींवर इलाज एकच: जिथून बिघडलं तिथपर्यंत उसवा. इस्त्रीने सपाट होईल, धुतल्यावर बसेल, असल्या आशेवर राहू नका. ते बसत नाही.

लांबट पायपुसणं हवं असेल तर त्याला हिशेब आहे. लांबीतून रुंदी वजा करा, येईल तेवढी वेणी मध्ये सरळ ठेवा आणि तिच्याभोवती फेरे घ्या. म्हणजे तीन फूट बाय दोन फुटांसाठी मधला सरळ भाग एक फूट. ढील फक्त दोन्ही टोकांच्या वळणावर द्यायची, सरळ बाजूंना नाही.

शेवटचं टोक निमुळतं कापून खाली दडवा आणि बाजूला ठेवलेला काठ कडेने शिवा. घरात टाइल्स असतील तर सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चार पट्ट्या खालून टाका मारून लावा, पाय घसरणार नाही. म्हातारं माणूस घरात असेल तर ट्यूब लावल्याशिवाय टाइल्सवर पायपुसणं टाकूच नका.

बोंडांचं तोरण

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की शेतात पऱ्हाटी उभी राहते आणि तिच्यावर वेचून झालेल्या बोंडांची टरफलं. चार-पाच पाकळ्या उघडलेलं, टणक, तपकिरी असं ते लाकडी फूलच असतं. दुकानातल्या कुठल्याही कृत्रिम फुलापेक्षा ते देखणं आहे असं माझं मत आहे, आणि आपण ते चुलीत घालतो.

पण बोंडं घरात आणताना एक पथ्य पाळायचं. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर न फुटलेल्या, अर्धवट किडक्या बोंडांत आणि सरकीत झोपून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. म्हणून तर पऱ्हाट्यांच्या गंज्या बांधावर साठवू नका असं कृषी विभाग सांगतो. तेव्हा पूर्ण उमललेली, आतून साफ रिकामी बोंडंच निवडा. देठ बोटाच्या दोन पेरांएवढा ठेवून कात्रीने कापा. घरी आणल्यावर जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकून वरून उकळतं पाणी ओता, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग साबणाच्या पाण्यात धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. फवारणीचा अंश असतो, म्हणून स्वयंपाकाचा गंज (पातेलं) या कामाला घेऊ नका.

तीन फुटांच्या दाराला चार फूट सुतळी घ्या, टोकांना खिळ्यासाठी फास करा. मग चार-चार बोटांवर एकेक बोंड देठाला दोनदा सुतळीचा वेढा देऊन गाठीने बांधा, तोंड खाली. गोंद लावायचा नाही, गाठच मारायची. एखादं बोंड तुटलं तर तेवढंच बदलता येतं. आवडत असेल तर पाकळ्यांची टोकं घट्ट चुन्यात बुडवून वाळवा, लांबून पांढरी किनार दिसते. मला ती न रंगवलेलीच आवडतात.

बोंडांमधल्या जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत. पोळ्याला, दसऱ्याला, दिवाळीला तिथे आंब्याची पानं खोवायची आणि सुकली की काढून टाकायची. तोरण वर्षभर राहतं, पानं सणापुरती. धूळ बसली तर खाली काढून दोन बादल्या पाण्याने धुवा.

काही जणी बोंडात कापूस तसाच ठेवतात. फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात तो कापूस महिन्याभरात मळका होतो, आत सरकी राहिली असेल तर उंदीर येतात, आणि बोंडअळीचा मुद्दा आहेच.

जुना माठ

दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठ पाणी थंड करत नाही, कारण आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार त्याच्या बारीक छिद्रांत बसतात आणि पाणी पाझरत नाही. असा माठ उकिरड्यावर जातो. त्याची कुंडी करायची असेल तर माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी वाळूने भरलेल्या पोत्यावर पालथा घाला आणि तळाच्या मधोमध जाड खिळा दाबून फिरवत राहा. हातोडी मारू नका. ओली माती हळूहळू कोरली जाते, कोरडी तडकते.

माती भरून झाड लावणार असाल तर बाहेरून रंगवू नका. आतला ओलावा बाहेर येतो आणि चुना-गेरू पापुद्र्याने गळतो. रंगवायचा तो माठ कोपऱ्यात नुसता ठेवायचा, किंवा त्यात बोंडांसकट वाळक्या पऱ्हाटीच्या चार काड्या उभ्या करायच्या. त्या बोंडांनाही वरचंच पथ्य.

भिंतीवर भेंडीचा ठसा

हे काम पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आधी करावं. मे महिन्यात चुना लावला तर तो उन्हाने धरण्याआधीच वाळतो आणि हात लावला की पांढरा निघतो.

तयार चुन्याची भुकटी मिळाली तर तीच घ्या. कळीचा चुना असेल तर तो पाण्यात पडताच उकळायला लागतो आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. तो मोठ्या माणसानेच, उघड्यावर, लोखंडी डब्यात भिजवावा. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात चुना थोडाथोडा सोडायचा, आणि रात्रभर निवू द्यायचा. सकाळी कापडातून गाळून दुधाएवढा पातळ करा. भिंत झाडून, पाणी शिंपडून ओली करा आणि पातळ दोन हात द्या. एकच जाड हात दिला तर भेगा पडतात. भिंतीला आधीच ऑइल पेंट असेल तर चुना धरत नाही, तिथे हा खटाटोप नको.

दोन दिवसांनी ठसे. गेरू रात्री भिजवून सकाळी गाळा आणि वाटीभर गेरूत चमचाभर फेविकॉल घाला, म्हणजे पाठ टेकली तरी कपड्याला लागत नाही. दाटपणा एवढा हवा की ठसा ओघळणार नाही. ठशाला जून भेंडी घ्या, कोवळी दाबली जाते. देठाकडचा जाड भाग सुरीने एका फटक्यात सरळ कापा आणि काप कापडाला टिपून घ्या, कारण भेंडीची चिकटी रंगात उतरली की ठशाची धार जाते. बहुधा पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. भेंडी रंगात बुडवू नका. जुन्या चिंधीची घडी रंगाने भिजवून ताटलीत ठेवा आणि भेंडी तिच्यावर दाबून भिंतीवर टेकवा. ठसा लिबलिबीत झाला की अर्ध्या इंचाची चकती कापून टाका, खाली नवा ठसा तयारच असतो.

ओळ सरळ यावी म्हणून गवंडी करतात तेच करा: सुतळीला नीळ किंवा कोळशाची पूड चोळा, दोघींनी दोन टोकं ताणून धरा आणि मधोमध ओढून सोडा, भिंतीवर रेघ उठते. दाराभोवती नक्षी काढताना कोपऱ्यातून सुरुवात केली तर दुसऱ्या कोपऱ्यात अर्धं फूल उरतं. म्हणून चौकटीच्या वरच्या मधोमध पहिला ठसा मारा आणि दोन्हीकडे सारख्या अंतराने उतरत या. अंतराला आगपेटी वापरा. जमिनीपासून हातभर वरच थांबा, त्याखाली सडा-सारवणाचे शिंतोडे उडतात आणि कोंबड्याही आपली नक्षी काढतात.

उरलेला गेरू वाळवून पुडीत ठेवा, पाणी घातलं की पुन्हा चालतो. फेविकॉल घातलेला मात्र त्याच दिवशी संपवा.