इतिहासाच्या मल्टिमीडिया प्रदर्शनांचे फोटो काढायचेत? मग हे आधी वाचा

चारी भिंतींवर प्रोजेक्शन, एलईडी वॉल, मागे निवेदन आणि मधे काचेत खऱ्या वस्तू, अशा प्रदर्शनांचे फोटो काढायचं काम ज्यांना करायचंय त्यांना माझं पहिलं सांगणं, आधी एक अख्खा लूप, म्हणजे शो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा, कॅमेरा बॅगेत ठेवून बघा. कुठे भिंत एकदम उजळते, कुठे मिट्ट काळोख होतो, लोक कुठे थबकतात हे कळल्याशिवाय उभं कुठे राहायचं तेच ठरत नाही.

प्रॅक्टिसला मोठं म्युझियम लागत नाही. मी ठाण्यातला, माझी खरी शाळा म्हणजे गणपतीतले ऐतिहासिक देखावे. निवेदन, लाइट, हलती चित्रं, गर्दी सगळं तेच आणि शो परत परत होतो, त्यामुळे हुकलेला क्षण पुढच्या शोला मिळतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून कोपरा धरायचा.

आता शटर, कारण खरं काम इथेच आहे. बरेच डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणारे) प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागोमाग एक फेकतात, डोळ्याला एकच चित्र दिसतं पण शटर सेकंदाच्या 1/250 भागापुरतंच उघडलं तर कॅमेरा त्यातला तुकडाच पकडतो आणि भिंतीवर रंगीत पट्टे येतात. मी 1/60 पासून सुरू करतो, आपल्या 50 हर्ट्झ विजेवरचे दिवे फ्रेममध्ये लुकलुकत असतील तर 1/50. निवेदन चालू असताना सायलेंट मोडचा मोह होतो, पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं म्हणून पट्टे वाढतात, तेव्हा मेकॅनिकलच ठेवा, क्लिक मोजकेच आणि शक्यतो संगीत चढलेलं असताना. फार हळू शटरही नको हं. समजा भिंतीवर 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर ते ठाणे गाडी धावतेय, तर अर्ध्या सेकंदात नुसता धूर उरेल, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडली होती हेच तर बघणाऱ्याला दिसायला हवं ना!

एक्सपोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, भिंतीवरच्या उजळ भागावरून ठरवा. माणसं काळी आली तरी चालेल, उलट त्यांच्यामुळेच भिंत केवढी आहे ते कळतं. रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग नंतर नीट करता येतात) काढा, प्रोजेक्टरचा उजेड निळसर आणि शोकेसचा पिवळट, ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) दर फ्रेमला रंग बदलतो. काचेत आपणच दिसू नये म्हणून अंगात काळा शर्ट. शोमध्ये लेझर असेल तर किरण थेट लेन्सवर येऊ देऊ नका, सेन्सर जळू शकतो.

फ्लॅश अजिबात नाही. प्रोजेक्शन तर पुसून जातंच, पण जुने कागद आणि कापड उजेडाने फिके पडतात ते कायमचे, म्हणून तर तिथे उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवतात. आपल्या एका फोटोपेक्षा ती वस्तू कितीतरी मोठी आहे.

परवानगी लेखी घ्या, फोटो कुठे वापरणार तेही त्यात लिहा, कारण भिंतीवरचं चित्रही कुणीतरी बनवलेलं असतं. आणि प्रत्येक दालनात शिरताना आधी माहितीफलकाचा फोटो काढा, नंतर काळ्या-निळ्या फ्रेमच्या ढिगातून कुठली कुठल्या दालनातली हे त्यावरूनच लागतं, कॅप्शनमधलं साल आणि नावही तिथूनच तपासता येतं.