सरासरी पाहून बॅट्समनची पारख करताय? आधी या चुका टाळा

अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ. गेली बावीस वर्षं खान्देशातल्या मैदानांवर मी स्कोअररच्या टेबलावर बसतोय. मंडपामागे रंगणारा वाद दरवर्षी तोच: सचिन मोठा की विराट? कोणीतरी मोबाईल पुढे करतो, शतकं आणि सरासरी दाखवतो आणि म्हणतो, "आकडा खोटा शे का मंग, भाऊ?" आकडा खोटा नसतो. तो कुठून आला हे बघायचा कंटाळा केला की आपलीच फसगत होते.

नाबाद न मोजता सरासरी वाचणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झाला त्याने भागतात. हे दहातल्या आठ जणांना माहीत नसतं, तरी वाद घालायला सगळ्यात पुढे तेच.

काही वर्षांपूर्वी तालुक्याचा संघ निवडायचा होता. एका मुलाचे पाच डाव: नाबाद ३१, नाबाद २२, नाबाद ४०, १८, नाबाद २७. एकूण १३८ धावा, बाद एकदाच, म्हणून सरासरी १३८. दुसऱ्याचे ५२, ३७, ६४, ११, ४६. धावा २१०, पाचही वेळा बाद, सरासरी ४२. पहिला सहाव्या नंबरला यायचा, सामना जवळजवळ संपलेला असताना. दुसरा सलामीचा. खेळपट्टीवरची मॅट नीट ताणलेली नसायची, नव्या चेंडूवर एखादा बॉल छातीपर्यंत उसळायचा, आणि हा पोरगा ते सगळं अंगावर घेऊन उभा राहायचा. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीच्या ठिपक्यांची, म्हणजे धाव न निघालेल्या चेंडूंची, रांगच्या रांग होती. पण निवडणाऱ्यांच्या हातात मी दिलेल्या कागदावर तीनच रकाने होते: डाव, धावा, सरासरी. चहा संपायच्या आत संघ ठरला. १३८ची सरासरी म्हणून पहिल्याला थेट सलामीला धाडलं. तो चौथ्या चेंडूवर गेला, संघ ७१ मध्ये आटोपला. ४२ वाला सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. पुढच्या हंगामात तो मैदानावर आलाच नाही. नंतर रावेरच्या रस्त्यावर दिसला, वडिलांच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या गुंडाळताना.

तेव्हापासून मी चौथा रकाना आखतो: कितव्या नंबरला आला आणि तेव्हा धावफलक काय होता. कितीही घाई असो, तो भरल्याशिवाय कागद हातातून सोडत नाही.

नाबाद राहणं म्हणजे लबाडी, असंही समजू नका. ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हन एकदिवसीय सामन्यांत ६७ वेळा नाबाद राहिला, सरासरी ५३.५८. सामना शेवटपर्यंत नेऊन संपवणं हेच त्याचं काम होतं. म्हणून डाव उघडून बघायचा.

शतकं नुसती मोजणे

सचिनची शंभर आंतरराष्ट्रीय शतकं. शंभरावं १६ मार्च २०१२ला मीरपूरला, बांगलादेशविरुद्ध, १४७ चेंडूंत ११४. भारताने २८९ केल्या आणि सामना हरला. शतक जवळ आल्यावर त्या दिवशी धावांचा वेग मंदावला होता. सचिन मला देवासारखा, तरी हे बोलायला मी कचरत नाही.

मग लगेच दुसऱ्या टोकाचा येतो: "त्याचं शतक झालं की आपण हरतो." हा तर पहिल्यापेक्षा आळशी. जानेवारी १९९९, चेन्नई कसोटी, पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात २७१ हव्यात. समोर वसीम, वकार, सकलेन. ५ बाद ८२ वरून, पाठ दुखत असताना, त्याने १३६ केल्या. २५४ वर तो सातवा गडी म्हणून बाद झाला आणि उरलेले तिघे चार धावांत गेले. १२ धावांनी हार. यादीत मीरपूर एक शतक आणि चेन्नईही एकच शतक, दोन्हीपुढे पराभव. या दोन खेळ्या एका तागडीत घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही. त्याला स्कोअरकार्ड देतो.

बाकीच्या चुका

एका दौऱ्यावरून निकाल लावू नका. २०१४ला इंग्लंडमध्ये विराटच्या दहा डावांत १३४ धावा, २०१८ला तिथेच ५९३.

घरचं आणि परदेशातलं वेगळं वाचा.

दोन काळ एका रकान्यात बसवू नका. ब्रॅडमनची ९९.९४ सरासरी अचाट आहेच, पण त्यांच्या ५२ही कसोटी ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्येच झाल्या. २०११च्या अखेरीपासून २०२५च्या मध्यापर्यंत वनडेत डावभर दोन्ही टोकांनी वेगवेगळा चेंडू असायचा, त्यामुळे जुना होऊन रिव्हर्स होणारा, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूला वळणारा, चेंडू दुर्मीळ झाला. दोन आयपीएल बघून 'ऑल टाइम इलेव्हन' काढणाऱ्यांनी निदान एवढं तरी माहीत करून घ्यावं.

माझ्याकडे रविवारी स्कोअरिंग शिकायला मुलं येतात. सगळ्यांना पहिल्याच दिवशी पेन्सिल हवी असते. मी आधी गावस्करांच्या दोन खेळ्या उतरवायला लावतो. ७ जून १९७५, लॉर्ड्स, विश्वचषक: इंग्लंडच्या ३३४ धावांपुढे १७४ चेंडूंत नाबाद ३६. भारत २०२ धावांनी हरला, पण सरासरीच्या हिशेबात बाद शून्य. दुसरी मार्च १९८७, बंगळूर, त्यांची शेवटची कसोटी. पहिल्या डावात पाकिस्तान ११६ मध्ये गारद झालेलं, खेळपट्टीवर चेंडू हातभर वळतोय, जिंकायला २२१ हव्यात. गावस्कर ९६वर बाद, भारत १६ धावांनी हरला. मग मी मुलांना त्यांच्या ३४ कसोटी शतकांची यादी देतो आणि ही खेळी शोधायला सांगतो.