उपकारस्तुतीची रोजची सवय कशी लावावी?

“सर्व स्थितीत उपकारस्तुती करा,” म्हणजे देवाचे आभार माना, असं प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं (बायबल, 1 थेस्स. 5:18). वचन आपल्याला तोंडपाठ असतं, रविवारी उपासनेत गीतंही मोठ्याने गायली जातात. सोमवारी मात्र नळ कोरडा असतो आणि आपली प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी होऊन बसते. कृतज्ञता आपोआप वाटेल म्हणून थांबलो की असंच होतं. ती रोज करून अंगवळणी पाडावी लागते.

आधी वेळ ठरवा. रात्रीची जेवणं उरकली, भांडी झाली की दहा मिनिटं पुरतात. जवळ एक साधी वही ठेवा. मोबाइल नको, तो हातात आला की ती दहा मिनिटं कुठे गेली ते कळत नाही.

मग त्या दिवसातली एकच गोष्ट निवडा आणि तिच्यापाशी थांबा. “प्रभू, सगळ्यासाठी तुझे आभार” ही प्रार्थना खोटी नाही, पण ती म्हणताना मन कशावरच टेकत नाही. ताटातली भाकरीच घ्या. ज्वारी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली असेल: पावसाळा सरताना पेरलेली, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढलेली. उन्हं तापू लागल्यावर कुणीतरी ती वाकून काढली, कणसं खुडली, मळणी केली. गिरणीत ती दळली गेली. घरात कुणीतरी परातीत पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. हे एकेक करून लिहा आणि प्रत्येकापाशी देवाचे आभार माना. त्या ओलीसाठी माना, खुडणाऱ्या बायांसाठी माना, चुलीपुढे बसलेल्या आईसाठीही माना.

बायबलमधलं स्तोत्र 136 असंच चालतं. त्यात 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी “त्याची दया सनातन आहे” हे पालुपद येतं. सूर्य-चंद्र, मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएल लोकांची सुटका, तांबडा समुद्र, रानातली वाट, असं करत करत 25 व्या वचनात स्तोत्रकर्ता सर्वांना अन्न देणाऱ्या देवापाशी येतो. समुद्र दुभंगणारा आणि पोटाला घालणारा देव एकच. आठवड्यातून एकदा हे स्तोत्र घरात मोठ्याने वाचा. एकाने वचन वाचायचं, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. संपलं की आपल्या ओळी जोडा. “नळाला पाणी रात्री दोनला आलं, पण पिंपं भरली,” असं आजीने म्हणावं आणि नातवंडांनी “त्याची दया सनातन आहे” म्हणावं. लहान मुलं हे फार उत्साहाने करतात, आणि त्यांना सुचतं ते मोठ्यांना सुचत नाही.

वाईट दिवशी काय करायचं? यंत्रमाग बंद पडून हाताला काम नसेल, घरात आजारपण असेल, तर आधी गाऱ्हाणं मांडा. स्तोत्र 13 ची सुरुवातच “कोठवर?” या प्रश्नाने होते आणि गाण्यापर्यंत पोचायला स्तोत्रकर्त्या दाविद राजाला पूर्ण स्तोत्र लागतं. तुम्हाला एका रात्रीत नाही पोचता आलं तर वहीत गाऱ्हाणंच लिहा. देवापुढे तेही चालतं. मात्र दुसऱ्याच्या दुःखात “आभार मान” असं वचन तोंडावर फेकू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.

पुढचं काम वहीबाहेरचं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो, पण आभार मानायला परत येतो तो एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका माणूस. आठवड्यातून एकदा आपणही कुणाकडे तरी परत जावं: दवाखान्यात रात्रपाळीला असलेली सिस्टर, संडे स्कूलच्या बाई, घंटागाडीवरचे दादा. नुसतं थँक्यू म्हणून निघू नका. त्यांनी नेमकं काय केलं आणि त्याने आपलं काय भलं झालं, ते सांगा.

मंडळीत उपकारस्तुतीचं दान देताना पाकिटात कारणाची चिठ्ठी घाला. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानण्याच्या चर्चमधल्या सणाला, शक्य असेल तर पैशांऐवजी वस्तू आणा. शेत असेल तर ज्वारीचं पायली-दोन पायली धान्य आणा, नसेल तर घरी कुटलेली शेंगाचटणी आणा.