व्हॉट्सॲपवर 'नवीन संशोधन' आलं की आधी कल्ले उघडून बघा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक तरी 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' येतं. मी झूलॉजीत एमएससी केलंय आणि बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे अख्ख्या खानदानात आणि बिल्डिंगमध्ये 'हे खरं आहे का गं' विचारायला मीच असते. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

मासळी बाजारात आपण काय करतो? मावशी म्हणते 'ताजा आहे गो', आपण हो हो म्हणतो आणि तरी बोटाने कल्ले उघडून लाल आहेत का ते बघतोच. रिसर्च पेपरचं पण तसंच करायचं. हेडलाईन म्हणजे मावशीचं बोलणं, कल्ले आत असतात. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही, दहावीचं इंग्लिश आणि अर्धा तास पुरतो.

पहिलं काम मूळ पेपर शोधायचं. बातमीत बहुतेक वेळा जर्नलचं किंवा युनिव्हर्सिटीचं नाव असतं, ते आणि विषयाचे दोन शब्द पबमेडवर टाका, सापडतो. पबमेड अमेरिकन सरकारची फुकट लायब्ररी आहे, १९९६ पासून चालू आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही. डाव्या बाजूला 'फ्री फुल टेक्स्ट'वर टिक केलं की फुकट वाचता येणारे पेपर तेवढेच राहतात. नाहीच मिळाला तर लेखकाचा ईमेल पेपरच्या पहिल्या पानावर असतो, दोन ओळी लिहून मागा, मला बऱ्याच वेळा दुसऱ्या दिवशी पीडीएफ आलीय. बातमीत जर्नलचं नाव नाही, युनिव्हर्सिटी नाही, नुसतं 'अमेरिकेतील तज्ज्ञ' असेल तर तिथेच सोडून द्या. आणि एआयला विचारून पेपर शोधत असाल तर त्याने दिलेलं नाव पबमेडवर टाकून बघाच, कारण कधीकधी तो जगात नसलेले पेपर इतक्या कॉन्फिडन्सने सांगतो की विचारू नका.

सापडला की वर लाल पट्टी आहे का बघा. पेपर मागे घेतला असेल तर पबमेड तसं लाल पट्टीत लिहितं. कोविडमध्ये लॅन्सेटसारख्या जर्नलमध्ये २२ मे २०२० ला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर एक पेपर आला होता, ९६,०३२ पेशंटचा डेटा म्हणे, आणि ४ जूनला मागे घेतला, कारण तो डेटा खरा आहे की नाही हेच कोणाला तपासता येईना. म्हणजे जर्नल मोठं, आकडा मोठा आणि तरी तेरा दिवसांत खेळ खल्लास. मेडआर्काइव्ह नावाच्या साइटवरचा पेपर असेल तर तो अजून कोणी तपासलेलाच नसतो, वर तसं लिहिलेलं पण असतं, पण बातमीत ती ओळ बरोबर गळते.

आता वाचायचं कसं. उलटं. वरची प्रस्तावना सोडा, निष्कर्षही आधी वाचू नका, कारण तो वाचला की डोकं तिथेच अडकतं. आधी मेथड्स (काम कोणावर, कसं केलं तो भाग) आणि पहिला टेबल, मग शेवटाकडे लेखकांनी स्वतः कबूल केलेल्या मर्यादा, आणि मग रिझल्ट.

उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. 'पाण्यातल्या प्लास्टिकमुळे हार्ट अटॅकचा धोका साडेचारपट' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल, आमच्या ग्रुपवर तो आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्याच दिवशी तांब्याचा हंडा आणला. हा पेपर खरा आहे, मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, काम इटलीतलं. मेथड्समध्ये पहिला प्रश्न: कोणावर केलं? उंदीर, डिशमधल्या पेशी की माणसं? इथे माणसं आहेत पण कोणतीही नाही, मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी चरबीने अरुंद झाल्यामुळे ऑपरेशन करून साफ केलेले पेशंट, म्हणजे आधीच आजारी. दुसरा प्रश्न: किती? शेवटपर्यंत फॉलोअप झालेले २५७. काढलेल्या थरात १५० जणांच्या पॉलिएथिलीन हे प्लास्टिक सापडलं. तिसरा प्रश्न: तुलना कोणाशी? प्लास्टिक न सापडलेल्या १०७ जणांशी. सरासरी ३४ महिन्यांत प्लास्टिकवाल्या १५० पैकी ३० जणांना हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक आला किंवा मृत्यू झाला, बाकीच्या १०७ पैकी ८ जणांना.

म्हणजे २० टक्के विरुद्ध साडेसात टक्के. हे असं वाचलं की फरक मोठा आहे हे कळतं, पण 'साडेचारपट' ऐकून पोटात जो गोळा येतो तो येत नाही. साडेचारपट म्हणजे ४.५३ हा आकडा दोन गटांतले बाकीचे फरक हिशोबात धरून काढलेला आहे, म्हणून तो नुसत्या टक्क्यांच्या भागाकाराशी जुळत नाही. त्याच्या पुढे कंसात २.०० ते १०.२७ लिहिलंय ते पण बघा. त्याचा साधा अर्थ असा की खरा आकडा दुप्पट असू शकतो किंवा दहापट, एवढ्या कमी पेशंटवरून नक्की सांगता येत नाही. रेंज जितकी रुंद तितका अंदाज सैल. आणि रेंजमध्ये १ येत असेल तर फरक नसण्याचीही शक्यता उरते, मग त्या हेडलाईनवर जास्त वेळ घालवू नका.

आता पहिला टेबल, माझा सगळ्यात आवडता, याला कोणी हात लावत नाही. त्यात दोन्ही गटांतली माणसं कशी होती ते असतं. इथे प्लास्टिकवाल्या गटात डायबिटीसवाले जास्त, सिगारेटवाले जास्त. लेखकांनी हिशोबात यातलं बरंच धरलंय, पण सगळंच धरता येत नाही, आणि मर्यादांमध्ये त्यांनी स्वतःच लिहिलंय की यावरून प्लास्टिकमुळेच झालं असं सिद्ध होत नाही, शिवाय लॅबमधूनही प्लास्टिक नमुन्यात शिरलेलं असू शकतं. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला हे लगेच पटतं, आमच्याकडे टिप प्लास्टिक, ट्यूब प्लास्टिक, ग्लोव्हज पण तसलेच. म्हणजे पेपर चांगला आणि प्रश्न महत्त्वाचा, पण हंड्यासाठी पुरावा नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले हंडा दिसायला छान आहे, राहू दे.

'आपण दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो' हे पण याच जातीतलं. २०१९ च्या त्या अंदाजात रेंज होती ०.१ ते ५ ग्रॅम, हेडलाईनने वरचं टोक उचललं. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने काढलं तर मोठ्या माणसाचं आठवड्याला साधारण ४ मायक्रोग्रॅम आलं. ग्रॅम आणि मायक्रोग्रॅम, दहा लाखपट फरक! म्हणून एकक वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि एककाची खरी गंमत खाडीच्या पेपरमध्ये आहे. ठाण्याच्या खाडीवर भरपूर संशोधन होतं, एका बाजूला टीटीसीचा इंडस्ट्रियल पट्टा, दुसऱ्या बाजूला मुंबई, मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. त्यामुळे 'खाडीच्या माशांत जड धातू' अशी बातमी आली की आमच्याकडे आई निवट्या आणायच्या की नाही म्हणून दारातून फोन करते. असा पेपर वाचताना चार गोष्टी बघा.

एक, ड्राय वेट की वेट वेट. बरेच लोक मासा वाळवून पूड करून धातू मोजतात. मासा साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतो, म्हणजे ड्राय वेटमधला आकडा आपण ताटात घेतो त्या ओल्या माशाच्या चार-पाच पट दिसतो. खाण्याच्या मर्यादा मात्र ओल्या वजनावर असतात. ड्राय वेटमध्ये किलोला १ मिलीग्रॅम म्हणजे ओल्यात ०.२ च्या आसपास, आणि बातमीवाला हा एक थेट मर्यादेशेजारी ठेवून मोकळा होतो. दोन, माशाचा कुठला भाग घेतला. यकृत आणि कल्ल्यांत धातू जास्त साठतात, आपण खातो ते मांस. तीन, धातूचं कोणतं रूप. समुद्री माशांत टोटल आर्सेनिक भरपूर दिसतं पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबिटेन असतं, जे फारसं विषारी नाही, घातक ते इनऑरगॅनिक. पाऱ्याचं नेमकं उलट, माशाच्या मांसातला पारा बहुतेक मिथाइल मर्क्युरीच असतो, म्हणजे घातक रूप, तिथे सूट नाही. जपानमध्ये मिनामाताला १९५६ मध्ये जे बाहेर आलं ते यानेच झालं होतं, कारखान्याचं पाणी खाडीत, तिथून मासे, तिथून माणसं. चार, नमुने कधी घेतले. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, गाळ ढवळतो, उन्हाळ्यात वेगळंच, तर एकाच महिन्याच्या नमुन्यावरून वर्षाचा निकाल देणाऱ्यावर थोडा कमी विश्वास ठेवा.

आणि हो, फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी स्वच्छ, हे डोक्यातून काढा. छोटे फ्लेमिंगो शेवाळ खातात आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ जोरात वाढतं. गुलाबी पक्षी म्हणजे पाण्याचा लॅब रिपोर्ट नाही.

आता दुर्मिळ आजारांचं, हे जरा जपून लिहितेय कारण घरातलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी) आहे, टाइप २. एसएमएन१ हा जीन काम करत नाही, त्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. निदान झाल्यापासून ताईला रोज कोणी ना कोणी काहीतरी पाठवतं आणि ती रात्री दोन वाजता मला फॉरवर्ड करते. वर जे 'किती पेशंट' सांगितलं ते इथे थोडं बदलावं लागतं, कारण आजारच दुर्मिळ, हजारो मुलं आणणार कुठून. इथे छोटा आकडा म्हणजे लगेच फालतू असं नाही, तुलना कशाशी केली ते बघायचं.

झोलजेन्स्मा या एसएमएवरच्या जीन थेरपीचा २०१७ चा पहिला पेपर फक्त १५ बाळांचा होता, कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी औषध न दिलेला गट) नाही. पण टाइप १ मध्ये, म्हणजे अगदी लहान बाळांतल्या गंभीर प्रकारात, औषधाशिवाय काय होतं हे जुन्या नोंदींवरून माहीत होतं: २० महिन्यांपर्यंत व्हेंटिलेटरशिवाय जिवंत राहणारी बाळं फक्त ८ टक्के. इथे पंधराच्या पंधरा. एवढा फरक असेल तर पंधरा पण पुरतात. नुसिनर्सन या एसएमएच्या दुसऱ्या औषधाच्या त्याच वर्षीच्या ट्रायलमध्ये मात्र कंट्रोल होता, काही बाळांना पाठीत नुसती टोचल्यासारखी प्रोसिजर केली, औषध दिलं नाही. औषधवाल्यांत ५१ टक्के बाळांनी बसणं, मान धरणं अशा हालचालींत प्रगती केली, दुसरीकडे शून्य.

हे वाचून ताई रडत फोनवर, आपल्यालाही होईल ना गं. इथे 'कोणावर' हा प्रश्न परत विचारायचा. ती काही महिन्यांची टाइप १ ची बाळं होती, आपला मुलगा चार वर्षांचा, टाइप २. त्याच्यासाठी नुसिनर्सनचीच वेगळी ट्रायल आहे, २०१८ चा पेपर, २ ते १२ वर्षांची १२६ मुलं. त्यात हालचाली मोजणाऱ्या ६६ मार्कांच्या हॅमरस्मिथ स्केलवर १५ महिन्यांत औषधवाल्यांचे सरासरी ३.९ मार्क वाढले, बाकीच्यांचा १ मार्क कमी झाला. ऐकायला चार मार्क म्हणजे काय मोठं, पण या आजारात उतरण थांबणं हीच मोठी गोष्ट, आणि एखादा मार्क म्हणजे आधार न घेता बसणं असू शकतं. म्हणून रिझल्ट वाचताना नेमकं काय मोजलं ते पण बघा, चालणं, श्वास, मार्क की नुसता रक्तातला एखादा आकडा.

मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या केजे नावाच्या बाळाची बातमी आली, त्याच्यासाठी खास जीन एडिटिंगचं औषध बनवलं, आणि ती आम्हाला किमान वीस जणांनी पाठवली. काम खरंच थक्क करणारं आहे, सहा महिन्यांत बनवलं. पण त्याचा आजार सीपीएस१ या जीनचा, लिव्हरचा, औषध त्याच्याच जीनमधल्या चुकीच्या एका अक्षरासाठी, पेशंट एक. दुसऱ्या आजाराच्या मुलाला ते उचलून देता येत नाही. आनंद माना, पण अपॉइंटमेंट शोधू नका.

चालू ट्रायल शोधायची असेल तर सीटीआरआयवर जा, आयसीएमआरची भारतातल्या ट्रायलची नोंदवही, २००७ पासून आहे. आजाराचं नाव टाका आणि तीन रकाने वाचा: भरती चालू आहे का, वयाची अट काय, सेंटर कुठे. एका क्लिनिकने ताईला 'स्टेम सेल ट्रायल' म्हणून काही लाखांचं पॅकेज सांगितलं होतं. मी नोंदणी नंबर मागितला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली सर बिझी आहेत, ते अजून बिझीच आहेत. ट्रायलचं औषध टोचून घ्यायला पेशंटकडून पॅकेज मागतात तिथून उठायचं, नंबर नसेल तर चप्पल घालतानाच.

पैशाचा भाग वेगळा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती सेंटर ऑफ एक्सलन्समधूनच, म्हणजे सरकारने त्यासाठी ठरवलेल्या हॉस्पिटलांतूनच. आपल्याला जवळचं परळचं केईएम, ऐरोलीहून ठाणे आणि तिथून स्लो पकडून परळ. जाताना ४० पानांचा गठ्ठा नेऊ नका, ओपीडीत डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो. पेपरचं पहिलं पान आणि पहिला टेबल प्रिंट करा, टेबलात तुमच्या पेशंटचं वय आणि टाइप बसतो त्या ओळीवर पेनाने खूण करा, आणि मागच्या कोऱ्या बाजूला जास्तीत जास्त तीन प्रश्न, मोठ्या अक्षरात. ताईचा पहिला प्रश्न होता, 'या १२६ मुलांपैकी आमच्यासारखी किती?' डॉक्टरांनी चष्मा वर केला, खुर्ची जवळ ओढली आणि तो टेबल स्वतः वाचायला घेतला.