कपडे काढता-घालता येतील अशी लोकरीची बाहुली

"आजी, हिचं झबलं निघून नाही राहिलं."

माझी नात तेव्हा तीन वर्षांची होती. एवढं बोलून तिने एक हिसका दिला आणि बाहुलीचा हात खांद्यापासून उपटून तिच्या मुठीत आला. आतलं पांढरं फायबर लोंबत होतं. पोर रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आपल्या हातून फार वाईट काही झालं अशा नजरेने. तिची काहीच चूक नव्हती. झबलं मी अगदी बाहुलीच्या अंगाबरोबर विणलं होतं, आणि हात खांद्याला गोल, घट्ट शिवून टाकला होता.

त्यानंतर किती बाहुल्या, अस्वलं, ससे विणले त्याची मोजदाद ठेवली नाही. पण एक गोष्ट पक्की कळली. कपडे निघणार की अडकणार, हे बाहुलीचा हात खांद्याला शिवतानाच ठरून जातं. 'कपडे काढता येतील अशी बाहुली' म्हणून जे नमुने हातोहात फिरतात, त्यात फ्रॉकचे टाके ओळीओळीने दिलेले असतात आणि खांद्यापाशी मात्र 'हात जोडून घ्या' एवढंच. म्हणून इथे खांद्याबद्दल जास्त लिहिते आहे. सुलट-उलट, टाके घालणं, वाढवणं, घटवणं, बंद करणं तुम्हाला येतं असं धरून चालते.

सामान

फोर प्लाय अ‍ॅक्रिलिक लोकर, नागपुरात बर्डीला किंवा इतवारीत कुठेही मिळते. सुया तीन वेगवेगळ्या नंबरांच्या लागतील: अंगासाठी १२, कपड्यांसाठी १०, आणि टाके बंद करण्यापुरती एक ८ नंबरची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्या मुलींच्या लक्षात राहत नाही. १२ म्हणजे २.७५ मिलिमीटर आणि १० म्हणजे ३.२५. लोकरीच्या वेष्टणावर जाड सुई सुचवलेली असली तरी अंगासाठी ती घेऊ नका. स्वेटरसाठी ते बरोबर आहे. बाहुलीचं अंग जाड सुईवर विणलं की भरल्यावर टाके फाकतात आणि फटीफटीतून फायबर डोकावतं.

भरायला फायबरच, म्हणजे पॉलिएस्टरचा कृत्रिम कापूस, घ्या. "आपल्या विदर्भात कापसाला काय तोटा, गादीचा कापूस पिंजून भर" असा सल्ला मला घरातल्या सगळ्या मोठ्या बायांनी दिला होता. मी ऐकला, भरला, आणि पहिल्याच धुण्यात आत गोळे झाले. पावसाळ्यात ते चार दिवस वाळले नाहीत आणि बाहुलीला कुबट वास लागला. कापूस उशीत ठीक आहे, पोरांच्या तोंडात जाणाऱ्या आणि सारख्या धुवाव्या लागणाऱ्या खेळण्यात नको. डाळ-तांदूळ तर कधीच नकोत, किडे होतात. चिंध्याही नकोत, त्यांचे कोपरे टोचतात.

अंग

माझा हात १२ नंबरवर एका सेंटिमीटरला तीन टाके देतो. तुमचा वेगळा असेल तर त्या हिशेबाने बदला. एक पाय २० टाक्यांचा, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, ४० ओळी. दुसरा तसाच. दोन्ही एका सुईवर घेऊन ४० टाक्यांवर ३६ ओळी पोट-छाती. मग पूर्ण ओळ दोन-दोन टाके एकत्र करून २०, चार ओळी मान. पुन्हा प्रत्येक टाक्यात एक वाढवून ४०, त्यावर २८ ओळी डोकं. शेवटी घटवून २०, मग १०, आणि लोकर ओवून ओढून घ्या. हात वेगळे विणायचे: १४ टाके, २८ ओळी, शेवटी ओवून ओढायचं. अंगठा काढू नका, बोटं तर मुळीच नकोत. दिसायला गोड दिसतात, पण बाहीत पहिल्यांदा अडकतो तो अंगठाच.

पायांची शिवण आतल्या बाजूला येते आणि पाठीची मधोमध. तळपाय पायापेक्षा फुगीर करू नका, नाहीतर चड्डी चढणार नाही.

भरताना चिमूट-चिमूट फायबर घ्यायचं, पायाच्या टोकापासून सुरुवात करायची आणि पेन्सिलीच्या बोथट टोकाने सारत जायचं. मुठीएवढा गोळा एकदम कोंबला तर तो तिथेच गोळा म्हणून राहतो. मान सगळ्यांत घट्ट भरा. मानेभोवती दुहेरी लोकर ओवून थोडी आवळा, एवढ्याने डोकं डुलत नाही.

भरून झाल्यावर दोन दिवस हात लावू नका. विणलेलं अंग भरल्यावर ताणतं आणि मग बसतं. ४० टाक्यांचं हे पोट रिकामं असताना १३ सेंटिमीटरच्या आसपास भरतं, भरल्यावर १५-१६ होतं. मी पहिल्या वेळी रिकाम्या अंगावर माप घेऊन झबलं विणायला बसले होते. माप घ्यायचं ते भरलेल्या आणि दोन दिवस बसलेल्या अंगाचं.

खांदा

खऱ्या बाळाला झबलं घालताना आपण काय करतो ते आठवा. त्याचा हात कोपरात दुमडतो, खांद्यातून पुढे घेतो, बाहीत आपली बोटं घालून त्याची मूठ बाहेर ओढतो. बाहुलीला कोपर नाही, आणि खांदा गोल शिवून टाकला तर खांदाही नाही. एक हात बाहीत गेला तरी दुसऱ्या बाहीसाठी झबलं पाठीमागून ताणावं लागतं. आपण मोठी माणसं ते ताणून घालतो. पोर ओढतं, आणि मग हात उपटून येतो.

तेव्हा खांदा हलता हवा. हात फक्त मुठीपासून दोन-तृतीयांश भरायचा. वरचे दोन सेंटिमीटर रिकामे सोडायचे, अगदी रिकामे. तोंड चपटं दाबायचं, हाताची शिवण खालच्या बाजूला ठेवायची, आणि ते चपटं तोंड आधी नुसतं शिवून बंद करायचं. मग ही चपटी कड मानेच्या आवळलेल्या दोऱ्याखाली तीन ओळी सोडून अंगाच्या बाजूला लावायची.

कड आडवी लावायची, म्हणजे तिचं एक टोक छातीकडे, एक पाठीकडे. मी दोन बाहुल्यांना ती उभी लावली होती. हात बुजगावण्यासारखे बाजूला ताठ राहिले, खाली येईनात, आणि झबल्याच्या बाह्या सारख्या वर सरकायच्या. आडव्या कडेने हात सरळ खाली लोंबतो, वर उचलला तर डोक्यापर्यंत जातो, आणि रिकाम्या भागामुळे पुढेही वळतो.

आता मजबुती. हलता खांदा म्हणजे कच्चा खांदा असं पुष्कळजणी मानतात, म्हणून भीतीपोटी पुन्हा गोल शिवतात. तसं करू नका. गोधडी शिवायची लांब सुई घ्या, दुहेरी लोकर ओवा, आणि एका खांद्यातून अंगाच्या आरपार दुसऱ्या खांद्यात न्या, तिथल्या हाताची कड पकडा, परत आरपार या. असं चार-पाच वेळा. मग दोन्ही कडा बारीक बखिया घालून अंगाला पक्क्या करा. आता पोराने एक हात ओढला तर ताण समोरच्या खांद्यापर्यंत विभागला जातो. नातीची ती बाहुली मी अशीच पुन्हा जोडली, आणि पुढे ती त्याच हाताला धरून फरपटत सगळ्या घरभर फिरली तरी हात जागचा हलला नाही.

पुढे जाण्याआधी पाहून घ्या. दोन्ही हात डोक्यावर न्या आणि सोडा, ते आपसूक खाली पडले पाहिजेत. दोन्ही मुठी पोटासमोर एकमेकींना टेकल्या पाहिजेत. टेकत नसतील तर उसवा आणि आणखी अर्धा सेंटिमीटर रिकामा करा. इथे कंटाळा केलात तर पुढचं झबलं कितीही सुबक विणा, ते अंगावरून निघणार नाही.

झबलं

पाठ खालपर्यंत पूर्ण उघडी ठेवा. डोक्यातून घालायचे कपडे विणलेल्या बाहुलीला करूच नयेत असं माझं ठाम मत आहे. हिचं डोकं पोटाएवढं आहे. गळा तेवढा मोठा केला तर झबलं खांद्यावरून घसरतं, लहान ठेवला तर पोर मानेला हिसडे देतं.

१० नंबरच्या सुईवर माझे पाच सेंटिमीटरला १४ टाके येतात. पोट १६, ऐसपैस बसायला तीन, आणि पाठीवर एकावर एक येण्यासाठी दीड, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, म्हणजे ५६ टाके. दोन्ही टोकांचे चार-चार टाके शेवटपर्यंत नेहमी सुलट विणा, नाहीतर कड गुंडाळते. खालच्या चार ओळीही सगळ्या सुलट. एकूण २४ ओळी झाल्या की काखेपाशी तीन भाग करा: पाठ १५, पुढा २६, पाठ १५. प्रत्येक भाग वेगळा १६ ओळी विणा. दोन्ही बाजूंना सात-सात टाक्यांचे खांदे जोडा. गळ्याला पुढचे १२ आणि मागचे आठ-आठ असे २८ टाके उरतात. त्यावर दोन ओळी सुलट विणून ८ नंबरच्या सुईने बंद करा. घट्ट बंद केलेला गळा दोरखंडासारखा ताठ होतो.

बाहीसाठी काखेच्या कडेवरून २४ टाके उचला, १० ओळी विणा, पुन्हा ८ नंबरनेच बंद करा. मनगटाशी एक सुलट एक उलटची पट्टी घालू नका. आपल्या स्वेटरला ती थंडी अडवायला असते. बाहुलीच्या बाहीत ती फक्त मूठ अडवते.

एक गोष्ट नागपूरकरांसाठी. मे महिन्यात कुलरसमोर बसलं तरी बोटांना घाम असतो, लोकर सुईवरून सरकत नाही आणि हात आपोआप घट्ट येतो. त्याच सुईवर, त्याच लोकरीचं डिसेंबरात विणलेलं झबलं माझ्या हाताला अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरने मोठं भरतं. उन्हाळ्यात विणत असाल तर सकाळी लवकर विणा, आणि १४ टाक्यांचा छोटा तुकडा आधी विणून मोजा.

आता बंद कशाने करायचं? वेलक्रो नको. तो लोकरीला धरतो, प्रत्येक वेळी उघडताना दोन-चार तंतू उपसतो, आणि महिन्याभरात पाठ केसाळ होते. चाप नको, ताणलेल्या टाक्यातून तो निसटतो. लांब बंदही नकोत, लहान मुलांच्या खेळण्यात लांब दोरी नकोच. गळ्याशी एकच मोठं बटण आणि तीन टाक्यांचं काज. मूल तीन वर्षांहून लहान असेल तर बाजारचं बटणसुद्धा नको: लोकरीचा छोटा चौकोन विणून, त्याच्या कडेने दोरा ओवून, त्याच लोकरीचे तुकडे आत भरून गोळी आवळा आणि ती बटणासारखी घट्ट शिवा. डोळेही लोकरीनेच भरा. मणी, टिकल्या, सुटी नाकं गिळली जातात.

झबलं घालून झालं की डाव्या हाताच्या दोन बोटांनी काढून बघा. निघालं तर तीन वर्षांच्या पोराला जमेल.

चड्डीला २८-२८ टाक्यांचे दोन पाय, प्रत्येकी आठ ओळी, मग एकत्र २२ ओळी, कमरेला जाळीची एक ओळ घालून त्यात आखूड नाडी. टोपडं कुठल्याही बाळाच्या टोपड्यासारखंच, डोक्याच्या मापाचं.

तान्ह्या पोळ्याचा नंदी

हलता खांदा शिवायला घाबरत असाल तर बाहुलीऐवजी नंदीपासून सुरुवात करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, पण दीड-दोन वर्षांच्या लेकराला लाकडी नंदी जड होतो आणि पायावर पडतो. त्याच्यासाठी विणलेला बरा. उभा विणू नका, चार पायांवर तो तोल धरत नाही. बसलेला विणा, पाय अंगालाच शिवून टाका. त्याची झूल म्हणजे पाठीएवढा साधा चौकोन, सगळ्या ओळी सुलट, पोटाखालून एक रुंद पट्टी आणि तिला लोकरीचं बटण. शिंगांच्या टोप्या निघणाऱ्या करू नका, त्या पहिल्या तोंडात जातात. शिंगांवरच वेगळ्या रंगाच्या चार ओळी विणा. झुलीला बेगड किंवा आरसे लावायचा मोह होतो, ते मोठ्या पोरांच्या नंदीसाठी ठेवा.

विकायला करणार असाल तर एक लक्षात घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. नोंदणी आधी करा.

धुणं

कोमट पाणी, थोडा साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं ठेवून सावलीत वाळवायचं. आपल्या उन्हात लवकर वाळतं हे खरं, पण लाल आणि गुलाबी रंग दोन उन्हाळ्यांत उडतात. आणि अ‍ॅक्रिलिकच्या कपड्यांवर इस्त्री फिरवू नका, वाफेचीसुद्धा नाही. एका झबल्याची गुंडाळलेली कड सरळ करायला मी इस्त्री टेकवली होती. लोकर जागच्या जागी लुळी पडली, टाके चपटे झाले, आणि ते झबलं पुन्हा कधी अंगावर नीट बसलं नाही. कड गुंडाळली असेल तर ओल्या रुमालाखाली रात्रभर दाबून ठेवा, सकाळी सरळ झालेली असते.